आमचे तात्या

कर्तबगार पुरुषांची चरित्रे आपल्या भाषेत पुष्कळ आहेत आणि विनोदी पुरुषांच्या आख्यायिकाही थोड्या नाहीत. परंतु एकच मनुष्य दोन्ही असला म्हणजे लिहिणाराची मोठी पंचाईत होते. कष्टाळू म्हणून त्याचे वर्णन करावे, तर त्याचा चेहरा कागदावर उगीचच गंभीर होऊन बसतो; आनंदी म्हणून रंगवावा, तर वाचकांस वाटते की यास जन्मात कसली ददात म्हणून पडली नसावी. जो हसतो त्याच्या शिरावर ओझे नसते, अशी आपल्या समाजाची एक जुनी समजूत आहे. ओझे वाहणाऱ्याने कपाळास आठी घालावी, दर दोन वाक्यांमागे एक उसासा टाकावा, तेव्हाच त्याचे ओझे लोकांच्या हिशेबी धरले जाते. आमचे आजोबा, ज्यांस घरात आणि पेठेत सारे ‘तात्या’ म्हणत, त्यांच्या वाट्यास हाच अन्याय आला. १९८४ साली ते वारले, तेव्हा समाचारास आलेल्या बहुतेक मंडळींनी एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांनी उच्चारले, ‘मोठा सुखी जीव! जन्मभर हसला आणि हसवून गेला.’ वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. उरलेला अर्धा भाग प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता आमच्या घरात दोनतीनच राहिली आहेत, म्हणून तो लिहून ठेवण्याचा हा प्रयत्न.

तात्यांचा जन्म राजापूरकडील एका खेड्यात १९०८ साली झाला. जमीन कातळाची, वडिलांचे छत्र बाळपणीच हरपलेले आणि पाठीवर दोन बहिणी. १९२१ साली, मराठी शाळा संपते न संपते तोच, एका दूरच्या मामांच्या भरवशावर ते अणुस्कुऱ्याचा घाट पायी चढून कोल्हापुरास आले आणि तेथून आगगाडीने पुण्यास पोहोचले. मामांनी त्यांस जेवणाचे वार लावून दिले आणि एका छापखान्यात चिकटवून दिले. काम खिळे धुण्याचे व यंत्रास तेल घालण्याचे. पगार दरमहा चार रुपये. या दिवसांचे वर्णन तात्या ज्या रीतीने करीत, ती ऐकून आम्हां नातवंडांची हसता हसता मुरकुंडी वळे. ‘सोमवारच्या घरची आमटी इतकी पातळ, की तीत मला माझे भवितव्य स्पष्ट दिसे. शनिवारचे घर तर काही केल्या मिळेना. तेव्हा मी शनिवारचा उपास धरला. पेठेतल्या बायका आपल्या मुलांस सांगू लागल्या, बघा, पोर एवढेसे, पण मारुतीवर केवढी निष्ठा!’ तेरा वर्षांचा मुलगा आठवड्यातून एक दिवस उपाशी राहत होता, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ. पण तो अर्थ तात्यांनी हास्याच्या इतक्या घड्यांत गुंडाळून ठेवला होता, की आमच्या हाती तो पुष्कळ वर्षांनी लागला.

खिळे धुता धुता ते खिळे जुळवू लागले, आणि जुळवता जुळवता त्या धंद्याच्या प्रेमात पडले. जावजी दादाजी हे त्यांचे दैवत. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासणारा पोर म्हणून लागलेल्या या पुरुषाने १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी अक्षरास असे काही सौष्ठव आणले, की संस्कृत ग्रंथ म्हणजे निर्णयसागरी प्रत, असे समीकरण काशीपर्यंत होऊन बसले. ही कथा तात्या पुराणिकाच्या थाटात सांगत आणि शेवटी म्हणत, ‘तोही खिळे घासत होता, मीही खिळे धूत होतो. पुढचे एवढेसे अंतर तेवढे राहून गेले.’ सतरा वर्षे दुसऱ्याची चाकरी केल्यावर १९३८ साली त्यांनी नारायण पेठेच्या नदीकडील अंगास एका वाड्याच्या तळमजल्यावर स्वतःचा छापखाना थाटला. एक जुने, पायाने चालवावयाचे ट्रेडल यंत्र, खिळ्यांच्या काही केसी, एक जुळारी आणि एक पोऱ्या, इतका त्यांचा संसार. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रके, श्रावणातल्या व्रतांच्या लहान पोथ्या आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका, हे त्यांचे वाङ्मय.

आजच्या तरुण वाचकांस या धंद्याची कल्पना नसेल, म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. खिळा म्हणजे शिशाच्या मिश्र धातूचे सुटे अक्षर. ते आरशातल्यासारखे उलटे असते, आणि त्याच्या अंगावर एक बारीक खाच असते. ती अंगठ्यास लागली की अक्षराची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे न पाहता कळते. इंग्रजीचा कारभार सव्वीस अक्षरांवर भागतो. आपल्या लिपीस काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांचा मोठाच गोतावळा. त्यामुळे मराठी जुळाऱ्यापुढे शेकडो लहान लहान खणांचा पसारा मांडलेला असे, आणि कोणत्या खणात कोण राहतो हे त्याच्या बोटांस पाठ असावे लागे. ओळ जुळवावयाची, छापावयाची, आणि काम झाले की एकेक खिळा सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकावयाचा. त्यांत काना फार लागे. तात्या म्हणत, ‘काना म्हणजे नुसती उभी रेघ. त्याला रूप नाही, डौल नाही. पण तो निसटला की रामाचा रम होतो. घरात एक तरी माणूस कान्यासारखे असावे.’

त्यांचा दिवस पहाटे पाचास सुरू होई. स्नानसंध्या आटोपून ते तळमजल्यावर उतरत ते रात्री नवाखेरीज वर येत नसत. मध्ये जेवणाची अर्धी घटका आणि चहाचे दोन पेले, एवढीच विश्रांती. लग्नसराईत तर रात्रीचे बारा वाजत. एका हाताने कोरा कागद लावावयाचा, दुसऱ्याने छापील काढून घ्यावयाचा, आणि पाय सारखा चालू. या यंत्राच्या ठेक्यावर तात्यांनी आपला एक स्वतंत्र संगीत रंगभूमीचा इतिहास उभा केला होता. ‘सौभद्रा’तील पदे ते ट्रेडलच्या मध्यलयीत गात, काम निकडीचे असले की लय वाढे, आणि मग सुभद्रेस अर्जुनापाशी फारच घाईने पोहोचावे लागे. वरच्या मजल्यावर आजी स्वयंपाक करता करता गाण्याच्या लयीवरून ताडी की खाली काम किती पडले आहे, आणि त्या मानाने पिठले टाकावयाचे की भाजी चिरावयाची हे ठरवी.

त्यांच्या करमणुकीच्या तऱ्हा किती सांगाव्या! कोजागिरीस वाड्याच्या गच्चीवर बिऱ्हाडकरूंसह सर्वांस दूध. पावसाच्या पहिल्या सरीस कांद्याची भजी, आणि तीही तात्यांनी स्वतः तळलेली. मे महिन्यात दुपारी मेंढीकोटाचा डाव, ज्यात आपल्या भिडूस खुणा करताना ते हटकून पकडले जात. पण त्यांचा खास शोक म्हणजे मानपत्रे. घरातील कोणाही पोराच्या हातून काही पराक्रम घडला, की तात्या दुसऱ्या दिवशी वेलबुट्टीची किनार लावून त्यास छापील मानपत्र देत. कोणी कारल्याची भाजी न रडता खाल्ली, कोणी पाढ्यांतली एकोणतिसाची खिंड ओलांडली, कोणी दात पडताना आरडाओरड केली नाही. ‘सकलगुणालंकृत’, ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ अशा विशेषणांची रांग लावून त्या वीराचा गौरव होई. एकदा फडताळातले लाडू नाहीसे झाले, तेव्हा भिंतीवर जाहीर नोटीस लागली, की ‘सदरहू लाडू ज्या कोणाच्या ताब्यात असतील त्याने ते गिळण्यापूर्वी निदान एक आजोबांस आणून द्यावा, पुढे तक्रार चालणार नाही.’ संध्याकाळी त्यांच्या गल्ल्यावर एक अर्धा लाडू मुकाट्याने येऊन बसला.

यावरून कोणी समजेल, की त्यांचा कारभार ढिला असावा. तसे नव्हते. प्रुफात एक ऱ्हस्वदीर्घ चुकले तर ते छापलेला सारा गठ्ठा बाजूस ठेवीत आणि स्वतःच्या कागदावर पुन्हा छापून देत. आम्ही ज्या शाळेत जात होतो, तिच्याच सहामाहीच्या प्रश्नपत्रिका एके वर्षी त्यांच्याकडे छपाईस होत्या. त्या आठ दिवसांत तळमजल्याचे दार आम्हांस बंद झाले; चुकलेले कागद ते स्वतः मोजून चुलीत घालीत. आमची चुळबूळ पाहून ते एवढेच म्हणाले, ‘बाळ, प्रश्न मला ठाऊक आहेत, उत्तरे तेवढी तुला ठाऊक असू देत. म्हणजे दोघांचीही अब्रू राहील.’

असे तेवीस वर्षे चालले. आणि १२ जुलै १९६१ हा दिवस उगवला. पानशेतचे नवे मातीचे धरण खचू लागल्यापासून लष्कराचे जवान वाळूची पोती रचून ते रोखून धरण्याची शर्थ करीत होते. पण त्या सकाळी ते फुटले, आणि त्या लोंढ्यापुढे खाली खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. मुठेच्या काठच्या पेठांत काय झाले हे पुणेकरांस सांगावयास नको. आमचे वय तेव्हा दहा वर्षांचे. आम्हां सर्वांस घेऊन तात्या व आजी पर्वतीच्या टेकडीवर गेले. तेथून खाली पाहता ओळखीची घरे कोठे आहेत हे कळेना. मोठी माणसे स्तब्ध उभी होती. बायका रडत होत्या. तात्या आम्हां पोरांस जवळ घेऊन बसले, आणि पाणी कोणत्या देवळापर्यंत चढले असेल यावर त्यांनी शेंगदाण्यांची पैज लावली. त्या वेळी आमच्या एका शेजाऱ्यांस त्यांचे ते वागणे अगदी विपरीत वाटले, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. तात्यांनी उत्तर दिले नाही. शेंगदाणे वाटण्याचे काम चालू ठेवले.

पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो. वाड्याच्या भिंती उभ्या होत्या, हे नशीब. तळमजल्यात छातीइतका चिखल. ट्रेडल यंत्र आपल्या वजनाने जागीच राहिले होते. श्रावणातील पोथ्यांसाठी उधारीने आणलेल्या कागदाचा लगदा झाला होता. आणि केसी उलथून सारे खिळे, वीस-बावीस मण शिसे, त्या चिखलात एकमेकांत मिसळून गेले होते. लहान वळणाचे, मोठ्या वळणाचे, काने, मात्रा, अर्धे, पुरे, सारे एक झाले होते. शहरात वीज नव्हती आणि नळास पाणी नव्हते.

येथे घरात एक कठीण प्रसंग उभा राहिला. आमचे काका तेव्हा पंचविशीचे. छापखान्यात तात्यांच्या हाताखाली काम करीत. त्यांनी तिसऱ्या दिवशी स्पष्टच सांगितले, ‘तात्या, हे खिळे निवडायला सहा महिने लागतील. तोवर खायचे काय? शिसे वजनावर विकून टाकू. मी पिंपरीला कारखान्यात नोकरी बघतो. तुम्ही आता विसावा घ्या.’ तात्या हसत म्हणाले, ‘अरे, विसाव्याला मी कधी जुळवलेच नाही; त्याचा खिळाच माझ्याकडे नाही.’ काकांचा संताप अनावर झाला. ‘प्रत्येक गोष्टीची थट्टा करून घर चालत नाही!’ असे म्हणून ते निघून गेले, आणि खरोखरच पुढच्या महिन्यात पिंपरीस रुजू झाले. काकांचे गणित चुकीचे नव्हते. त्यांच्या जागी दुसरा कोणताही विचारी मुलगा तेच बोलला असता. नोकरीचा पहिला पगारही त्यांनी आजीच्या हाती आणून दिला. परंतु तात्यांशी ते बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्याच्या चौकात ताडपत्री पसरली गेली. घमेल्यांनी चिखल आणून तो लांबच्या आडाच्या पाण्याने चाळणीत धुतला गेला, आणि खिळ्यांचा ढीग पडला. मग तात्यांनी आम्हां सर्व पोरांस, बिऱ्हाडकरूंच्या मुलांसह, गोळा करून जाहीर केले, की आजपासून अक्षरांचा बाजार भरणार. दोन पक्ष पाडण्यात आले, एक आजीचा, एक आत्याचा. काना शोधणे ही साधी मजुरी. शंभर कान्यांस एक शेंगदाण्याची वडी. रफार मिळाला तर ज्यास मिळाला त्याने शंख फुंकावयाचा. ‘ळ’ सापडला तर त्यास दिवसभर ‘रावसाहेब’ म्हणावयाचे. आणि ज्यास ‘ञ’ सापडेल, त्यास मानपत्र! शाळा बंदच होत्या. आम्ही खाच अंगठ्याने चाचपून उलटी अक्षरे ओळखू लागलो. आठ दिवसांत आमच्या बोटांची टोके काळी पडली आणि बोलण्यात कान्यामात्र्यांशिवाय विषय उरला नाही. बाजूच्या वाड्यांतून लोक आपापला चिखल उपसता उपसता आमच्या चौकातला शंखध्वनी ऐकत. काहींस तो आवडे; काहींस वाटे, की या म्हाताऱ्यास एवढा घाला पडूनही अक्कल आली नाही.

शाळा सुरू झाल्यावर हा बाजार संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात भरू लागला. ऑगस्टातील एका रविवारी काका आले. कोणाशी न बोलता त्यांनी सदरा काढून ठेवला, आत्याच्या पक्षाकडे मांडी ठोकली आणि खिळे निवडावयास आरंभ केला. त्यांचा हात सराईत. दोन तासांत त्यांच्यापुढे आम्हां सर्वांहून मोठा ढीग झाला. तात्यांनी त्यांच्याकडे न पाहता नियमाप्रमाणे मोजून चार वड्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. काकांनी त्या खाल्ल्या. घरातला अबोला असा मिटला. त्यावर पुढे कोणी चर्चा केली नाही. त्यानंतर दिवाळीपर्यंत काकांचा एकही रविवार चुकला नाही.

यंदाचा गणेशोत्सव हातचा जाऊ द्यावयाचा नाही, असे तात्यांनी ठरवले होते. सप्टेंबरात गणपतीचे आगमन झाले, तेव्हा पुरानंतरचे पहिले छापील काम म्हणून पेठेतील मंडळाच्या कार्यक्रमाचे पत्रक आमच्या यंत्रावर चढले. खिळे पुरेसे निवडून झाले नव्हते. त्यामुळे एकाच शब्दात अर्धी अक्षरे एका वळणाची आणि अर्धी दुसऱ्या वळणाची बसवावी लागली. मंडळाचे चिटणीस पत्रक पाहून बिचकले. तात्या म्हणाले, ‘अहो, ज्याचा उत्सव, त्याच्याकडे तरी बघा! धड एका जातीचे आणि शिर दुसऱ्या जातीचे. त्याला चालते, तर तुम्हां-आम्हांला का चालू नये?’ पत्रक तसेच वाटले गेले. ते वेडेविद्रे पत्रक आमच्या संग्रही आहे, आणि आमच्या मते त्या छापखान्याचे सर्वांत सुंदर काम तेच होय.

हे सारे आम्हांस त्या वेळी निव्वळ उत्सवासारखे वाटले होते. त्याची दुसरी बाजू आजीने आम्हांस सांगितली ती तात्यांच्या मागे, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. ती म्हणाली, ‘तुम्ही पोरे निवडायची खरी, पण निम्मे खिळे चुकीच्या खणात पडायचे. मात्रा वेलांटीत, मोठे बारकात. तुम्ही निजलात की ते कंदील घेऊन खाली जायचे आणि तुमचे सारे निवडलेले पुन्हा निवडायचे. दोन-दोन वाजायचे. मी म्हणायची, अहो, मग पोरांना कशाला बसवता? तर म्हणायचे, अगं, त्यांनी निम्मे काम केले हे काय थोडे झाले? आणि सकाळी मला खाली उतरावेसे वाटते, ते त्यांच्या शंखामुळे.’

हे शब्द ऐकल्यावर आम्ही माळ्यावरची लाल बासनातील चोपडी काढून पाहिली. १९६१-६२ सालच्या पानांवर तात्यांच्या टपोऱ्या अक्षरात सर्व काही आहे. तीन गृहस्थांकडून घेतलेली कर्जे व त्यांचे व्याज. बुडालेल्या कागदाची उधारी, जी त्यांनी एका पैशाची सूट न मागता फेडली. आणि एका कोपऱ्यात केलेला तो हिशेब, जो काकांस त्यांनी कधीच दाखवला नाही. शिसे मोडीत विकले तर काय येईल, आणि तेवढेच खिळे नवे घ्यावयाचे तर काय पडेल, असे दोन आकडे त्यांनी समोरासमोर मांडले होते. नव्याची किंमत मोडीच्या कित्येक पट होती, आणि ती उभी करण्याची ऐपत त्यांच्यापाशी नव्हती. म्हणजे खिळे निवडण्याखेरीज त्यांस दुसरा मार्गच नव्हता. मजूर लावावयास पैसा नाही. मजूर म्हणून मिळतील ती घरची पोरे. आणि पोरांकडून चार महिने एकच कंटाळवाणे काम हुकमाने करवून घेता येत नाही, हे ते जाणून होते. त्याच पानावर खर्चाच्या बाजूस, रॉकेल आणि दोरी यांच्यामध्ये, ओळ आहे, ‘शेंगदाण्याच्या वड्या, बक्षिसादाखल.’ ती घरखर्चात नाही. छापखान्याच्या खर्चात आहे.

त्याच चोपडीत आणखी एक नोंद आहे. ‘सौ.कडून पाटल्या चार, मोडून आलेली रक्कम जमा. व्याज नाही. मुदत, तिच्या मर्जीपर्यंत.’ आजीच्या हातांत आम्ही त्या वर्षांत काचेच्या बांगड्याच पाहिल्या होत्या. पुढे कर्जे हलकी होत आली, तोच १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडवण्यास बंदी झाली. तात्या आजीस म्हणाले, ‘बघ, सरकारसुद्धा माझ्या बाजूचे आहे, मला मुदतवाढ दिली!’ आजी हसली. ते बंधन उठल्यावर, १९६७ सालच्या दसऱ्यास, तात्यांनी नव्या पाटल्या तिच्यापुढे ठेवल्या, आणि त्यांच्याबरोबर किनारीचे एक छापील मानपत्र. त्या मानपत्रातील मजकूर आजीने कोणासही वाचू दिला नाही. तिच्या पश्चातही तो कागद आम्हांस सापडला नाही.

१९६८ च्या जूनमध्ये मुठेच्या काठी बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. काही आठवड्यांनी तात्या आम्हां सर्वांस तेथे नाटकास घेऊन गेले. मध्यंतरात बाहेर येऊन त्यांनी नदीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘हिने माझा कागद नेला आणि काठावर नाट्यगृह आणून ठेवले. चला, खाते मिटले.’ शेवटचे कर्ज त्याच वर्षी फिटले असल्याचे चोपडी सांगते. त्या संध्याकाळी मात्र नाटकाखेरीज दुसरा विषय निघाला नाही.

पुढे ऑफसेटची छपाई पसरली. तात्यांनी तिचा द्वेष केला नाही. ‘बाळ, हिच्यात खिळे सांडायची सोयच नाही’, असे म्हणून ते तिचे कौतुक करीत. आमच्या वडिलांस त्यांनी शिकवून प्राध्यापक केले होते, काका कारखान्यात स्थिरावले होते. छापखाना पुढे चालवण्यास कोणी नाही याचे त्यांस वाईट वाटत असावे, परंतु त्यांनी तो भार कोणाच्या मनावर टाकला नाही. शेवटच्या आजारात वाचा जड झाली होती, तरी वर्तमानपत्र पुढे धरले की थरथरत्या बोटाने ते मुद्रणदोष दाखवीत आणि डोळ्यांनी हसत. त्यांच्या मागे शिसे अखेर वजनावरच विकले गेले. निवडून, धुऊन, आपापल्या खणात नीट लावलेले खिळे भंगारवाल्याने पोत्यांत ओतले. आम्ही भावंडांनी त्यांतला एकेक काना ठेवून घेतला. ते पोते गाडीत चढवताना काका तेथे होते. त्यांनी एका बाजूने हात लावला आणि मग बराच वेळ ते चौकातच उभे राहिले.

आनंदी स्वभाव ही ईश्वरी देणगी आहे, असे आपण सहज म्हणून जातो. काही भाग्यवंतांची ती तशी असेलही. तात्यांचा आनंद मात्र आम्हांस आता कमाईसारखा दिसतो. शनिवारी उपाशी राहणाऱ्या मुलाने तो प्रथम स्वतःपुरता मिळवला, आणि पुढे घरातल्या प्रत्येकास पुरेल इतका तो रोज उत्पन्न करण्याचे काम अंगावर घेतले. त्यासाठी रात्रीचे दोन वाजेपर्यंत जागण्याची वेळ आली, तरी सकाळच्या पुरवठ्यात त्यांनी खंड पडू दिला नाही. अशी माणसे वाचकांच्याही घरांत होऊन गेली असतील, कोणाच्या घरी आज असतीलही. त्यांच्या थट्टेस मनमुराद हसावे, कारण त्यांस तेच हवे असते. पण केव्हा तरी रात्री जाग आली, तर तळमजल्यावर उजेड आहे की काय, हेही एकवार पाहावे.